वहिनींची दाढदुखी

दाढ दुखूं लागली म्हणजे ती काढून टाकावी, ह्याहून सोपा उपाय दुसऱ्या कोणत्याही दुखण्यास नसेल, अशी आमच्या घराची कित्येक वर्षें समजूत होती. ती चुकीची ठरण्यास आमच्या थोरल्या वहिनींच्या दोन निरोगी दाढा खर्चीं पडल्या. त्यांच्या परवानगीनेंच ही हकीकत आम्ही येथें देत आहों; कारण असें दुखणें घरांत आहे, पण त्याचें नांव ठाऊक नाहीं, अशीं कांहीं कुटुंबें आमच्या वाचकांत असतील, असें वाटतें.

२०१२ सालच्या मार्गशीर्षांत वहिनींना पहिली कळ आली. त्या वेळीं त्यांचें वय ५८ वर्षांचें होतें. सातारच्या घरीं सकाळीं चूळ भरीत असतां त्यांच्या हातांतील तांब्या खालीं पडला आणि त्या डोळे मिटून भिंतीशीं टेकून उभ्या राहिल्या. अर्ध्या मिनिटांत सारें संपलें. "कांहीं नाहीं, दांतांत चमक निघाली," असें म्हणून त्या चहाच्या कामास लागल्याही. दांत हा शब्द त्या दिवशीं घरांत शिरला, तो पुढें सव्वा वर्ष बाहेर पडला नाहीं.

लवंगेचें तेल झालें, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, औषधांच्या दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांच्या पट्ट्याच्या पट्ट्या संपल्या. कळा मात्र वाढतच चालल्या. गांवांतील एका दंतवैद्यांनीं डावीकडची वरची दाढ काढली. नंतरचे पंधरा दिवस बरे गेले. (हें दुखणें आपण होऊनच अधूनमधून मागें हटतें, हें आम्हांस पुष्कळ पुढें कळलें.) पुन्हां कळा सुरू होतांच आम्हींच आग्रह धरून शेजारची दाढ काढविली. दंतवैद्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु त्यांच्या खुर्चीपाशीं उभे राहून "हीच दाढ, हीच," असें सांगणारे आम्ही होतों. वहिनी तोंड उघडून बसल्या होत्या; त्यांना बोलतां येत नव्हतें.

ह्या विकाराचा खरा दुष्टपणा असा कीं, कळ नसते तेव्हां माणूस अगदीं धडधाकट दिसतें. ताप नाहीं, सूज नाहीं, व्रण नाहीं. घटकेपूर्वीं हंसणाऱ्या माणसानें एकाएकीं मुठी आवळाव्या, आणि पुन्हां घटकेनें भाजी निवडावयास बसावें, हें एकत्र कुटुंबांत संशयास्पद ठरतें. वहिनी पंख्याखालीं बसत ना, तोंड धुणें टाळीत, बोलणें एकदोन शब्दांत उरकीत. पानावर त्या ताकभात कालवून तो उजव्या बाजूनें गिळीत आणि अर्धपोटी उठत. २०१३ च्या मे महिन्यांत घरांत पुतणीचें लग्न झालें. तेव्हां त्यांनीं नथ घालण्यास साफ नकार दिला. नथ डाव्या नाकपुडींत, तिचे मोती वरच्या ओठाशीं हेलकावे घेणार, आणि त्या मोत्यांचा नुसता स्पर्श झाला तरी डोळ्यांपुढें अंधारी यावी, अशी त्यांची अवस्था होती. पण हें कोणीं विचारलेंच नाहीं. मानपानांत कांहीं कमीजास्त झालें असावें म्हणून वहिनी रुसल्या, असा निष्कर्ष माजघरांत निघाला, आणि तो आम्हांसही पटला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

फेब्रुवारी २०१४ मध्यें तिसरी दाढ काढण्याचा बेत ठरला. सुदैवानें नेहमींचे दंतवैद्य त्या दिवशीं परगांवीं होते. त्यांच्या जागीं बसलेल्या एका तरुण दंतवैद्य बाईंनीं क्ष-किरणांचें चित्र उजेडासमोर धरून दोनदां पाहिलें आणि सांगितलें, "ही दाढ चांगली आहे, मी काढणार नाहीं. ह्यांना मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे न्या."

पुण्यास तज्ज्ञांकडे आम्ही चौघे गेलों. दादांनीं, म्हणजे आमच्या वडील बंधूंनीं, दाढांची हकीकत सांगितली. पुतण्यानें गोळ्यांचीं नांवें सांगितलीं. आम्हीं तारखा सांगितल्या. डॉक्टरांनीं दोन मिनिटें ऐकून घेतलें आणि हात वर करून म्हणाले, "आतां फक्त काकूंनीं बोलायचें." मग त्यांनीं विचारलें, "ठणकतं, कीं चमकतं?"

वहिनी म्हणाल्या, "ठणका मला ठाऊक आहे. गळवं झालीं आहेत, बाळंतपणं झालीं आहेत. हें तसं नाहीं. विजेची तार कोणी गालाला लावावी नि लगेच काढून घ्यावी, तसं."

"कुठं, तें बोटानं दाखवा."

वहिनींनीं बोट नाकपुडीपासून गालापर्यंत आणि तेथून वरच्या ओठापर्यंत फिरविलें. परंतु कातडीपासून बोटभर अंतरावरून. स्पर्श कोठेंही केला नाहीं. डॉक्टर किंचित् हंसले. निदान त्यांना तेथेंच झालें असावें. नंतर त्यांनीं विचारलें, "ह्याच्यामुळं काय काय करायचं सोडलंत?" वहिनींनीं सांगावयास सुरुवात केली: दांत घासणें, चपाती, पंखा, फोनवर बोलणें. आणि शेवटीं त्या म्हणाल्या, "नथ." दादा खालीं मान घालून बसले होते.

मराठी भाषेपाशीं वेदनेच्या शब्दांचें केवढें भांडार आहे! गळूं ठणकतें, फोड ठसठसतो, जखम चरचरते, पोटांत मुरडा येतो, पाठींत उसण भरते, पायांत गोळा येतो, कानांत सणक मारते, सांधे धरतात. प्रत्येक शब्दाचें दुखणें निराळें, आणि कित्येकदां त्याचें कारणही निराळें. एवढी श्रीमंती घरांत असतां आम्हीं सव्वा वर्ष "दुखतें" ह्या एकाच क्रियापदावर भागविलें, आणि तेंही दुसऱ्याच्या वतीनें!

ह्या विकारास ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पांचवी मज्जा तीन शाखांची आहे: एक कपाळाकडे व डोळ्याकडे, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. ही मज्जा मेंदूच्या बुंध्याशीं जेथें मिळते, तेथें बहुधा एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते. प्रत्येक ठोक्याबरोबर ती घांसत राहते आणि मज्जेवरचें आवरण झिजतें. विजेच्या तारेवरील वेष्टण झिजल्यावर जें होतें तेंच येथें होतें: वाऱ्याच्या झुळुकीचा निरोप वेदनेच्या वाटेस लागतो. कळ कांहीं सेकंद, फार तर दोन मिनिटें टिकते. विकार बहुधा पन्नाशीनंतर होतो, पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक. आणि दुखणें दांतांत आहे असें वाटत असल्यामुळें निष्कारण दांत गमावलेले रोगी जगभर आहेत. क्वचित् एखादी गांठ किंवा मज्जेचा दुसरा विकारही मुळाशीं असतो, म्हणून एम.आर.आय. करून पाहतात.

दुखणें नवें नव्हे. निकोला आंद्रे ह्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १७५६ मध्यें, आणि लंडनच्या जॉन फॉदरगिल ह्यांनीं १७७३ मध्यें त्याचें वर्णन केलें. आपल्याकडे सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोगांमध्यें अनंतवात सांगितला आहे. त्याच्याशीं ह्याचें पुष्कळ साम्य अलीकडचे वैद्य दाखवितात; दोन्ही सर्वस्वीं एकच, असें मात्र म्हणवत नाहीं.

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा येथें उपयोग होत नाहीं, हें ऐकून आम्ही खजील झालों. उपयोगी पडलें तें मूळचें अपस्मारावरचें औषध, कार्बामाझेपीन. वॉल्टर शिंडलर ह्यांनीं तें १९५३ मध्यें बाझेल येथील गायगी कंपनींत तयार केलें, आणि स्वीडनमधील ब्लोम ह्यांनीं १९६२ मध्यें ह्या कळांवर त्याचा गुण दाखवून दिला. १०० मिलिग्रॅम दिवसांतून दोनदां, असा वहिनींचा आरंभ झाला. चवथ्या दिवशीं त्यांनीं पानावर चपाती मागितली. वाढणाऱ्या सूनबाई पोळपाटापाशीं परत गेल्या त्या डोळे पुसण्याकरितां, असें घरांत सांगतात. आम्हीं तें पाहिलें नाहीं.

परंतु औषध म्हणजे साखर नव्हे. प्रथम चक्कर येते, झांपड येते. रक्तांतील सोडियम कमी होऊं शकतें, म्हणून वेळोवेळीं तपासणी लागते. अंगावर पुरळ उठल्यास तत्काळ डॉक्टरांस गांठावें लागतें. आशियांतील कांहीं लोकांत एका आनुवंशिक गुणामुळें तें जिवावर बेततें, आणि तो गुण रक्ततपासणीनें आधीं कळतो. एरवीं मात्र औषध आपल्या मनानें एकदम सोडूं नये. वहिनींचीं चार वर्षें बरीं गेलीं. २०१८ पर्यंत मात्रा १००० मिलिग्रॅमवर गेली, सोडियम उतरलें, आणि त्या दिवसा पेंगूं लागल्या. कळा पुन्हां डोकावूं लागल्या होत्याच.

आतां शस्त्रक्रियेचा प्रश्न निघाला. सुईनें मज्जेचा कांहीं भाग उष्णतेनें निकामी करणें, तेथें ग्लिसरॉल सोडणें, फुग्यानें दाबणें, किरणांचा मारा करणें, असे मार्ग आहेत. (ग्लिसरॉलचा गुण योगायोगानें कळला: स्वीडनमध्यें धातूची भुकटी आंत सोडण्याकरितां तें वापरलें, आणि रोगी सांगूं लागले कीं, वेदनाच गेली.) ह्या उपायांनीं गाल कमीअधिक बधिर होतो. दुसरा मार्ग मुळाशीं जाण्याचा. रक्तवाहिनी मज्जेस टेकते, हें वॉल्टर डँडी ह्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत पाहिलें होतें. पीटर जॅनेटा ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें ती बाजूस सारण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. कानामागें कवटीस रुपयाएवढें छिद्र पाडून रक्तवाहिनी व मज्जा ह्यांमध्यें टेफ्लॉनचा मऊ बोळा ठेवतात. दहा वर्षांनंतरही साधारणतः शंभरांतील सत्तर रोग्यांस उत्तम आराम असतो. थोड्यांना श्रवणदोष राहतो, आणि क्वचित् प्राणासही धोका असतो.

दादांचा विरोध होता. कळ कांहीं जीव घेत नाहीं, शस्त्रक्रिया घेऊं शकेल, हा त्यांचा युक्तिवाद. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यावर मोठी चर्चा झाली. आम्हीही मत दिलें. वहिनींनीं सर्वांचें ऐकून घेतलें आणि त्या म्हणाल्या, "दाढा तुम्ही ठरवल्यात. डोकं माझं मी ठरवते."

शस्त्रक्रिया २०१८ च्या नोव्हेंबरांत पुण्यास झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनीं पहिल्यानें काय केलें, तर आपल्याच हातानें डावा गाल सावकाश चोळला. एकदां, दोनदां, बऱ्याच वेळां. दादा खाटेजवळ उभे होते. कोणीच बोललें नाहीं. औषध पुढें डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू उतरवून बंद झालें.

आतां वहिनींनीं सत्तरी ओलांडली आहे. कळ परत आलेली नाहीं. डाव्या कानानें मात्र त्यांना कमी ऐकूं येतें, म्हणून त्यांच्याशीं कांहीं बोलावयाचें असल्यास उजव्या हातास जाऊन बसावें लागतें. घरांतील पोरांनीं ही गोष्ट केव्हांच हेरली असून लाडवांच्या डब्यासंबंधींचे सारे मनसुबे हल्लीं त्यांच्या डाव्या बाजूस बसून रचले जातात.