चार महिन्यांचं बिऱ्हाड (भाग ५) : पाणी, भाजी आणि मेट्रोचं कार्ड

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच देवगिरी आणि हुसेनसागर एक्स्प्रेसमध्ये एक ठरावीक प्रवासी दिसू लागतो. साठी-सत्तरीचं जोडपं, दोन मोठ्या बॅगा, सुताने तोंड शिवलेली एक गोणी आणि हातात औषधांची पिशवी. नांदेड, परभणी, सोलापूर, पुणे अशा गावांहून ही मंडळी हैदराबादला मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेली असतात. परतीचा बेत शिवरात्रीनंतरचा असतो, किंवा ठरलेलाच नसतो. सामान काय घ्यावं, हे मागच्या भागात पाहिलं. इथे पोहोचल्यावर रोजचा दिवस कसा उभा राहतो, ते या भागात पाहू.

हिवाळा काढायला दुसरीकडे जाण्याची रीत जगात इतरत्रही आहे. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातले हजारो निवृत्त लोक बर्फ टाळण्यासाठी मेक्सिकोत जातात. तिथे पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. चापाला या मेक्सिकोतल्या सर्वांत मोठ्या सरोवराकाठी, आहिहिक नावाच्या गावात तर त्यांची वस्तीच आहे. त्यांच्या तिथल्या मंडळाची स्थापना १९५५ ची, आणि त्या मंडळाचा जीव आहे त्याच्या वाचनालयात. ते लोक मुलांच्या घरी राहत नाहीत, स्वतःचं घर भाड्याने घेतात. बाजार त्यांचा, स्वयंपाक त्यांचा, ओळखी त्यांच्या. आपल्याकडची आई-वडिलांची फेरी मायेपोटी असते, नातवंडासाठी असते. पण त्यामुळेच दिवस मुलांच्या वेळापत्रकाला बांधला जातो, आणि महिनाभरात सोफा, टीव्ही आणि बाल्कनी एवढंच हैदराबाद उरतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की चार दिवसांचा पाहुणचार आणि चार महिन्यांचं राहणं यांना एकच माप लावू नये. राहायचं असेल तर रोज घराबाहेर पडायला स्वतःचं एखादं काम हवं.

सुरुवात नळापासून करू, कारण पहिली कुरबूर तिथेच होते. ‘डाळ शिजत नाही’ ही तक्रार मी दर हिवाळ्यात ऐकते. गच्चीबावली, कोंडापूर, नल्लागंडला या भागांतल्या बऱ्याच संकुलांत वापराच्या पाण्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळलेलं असतं. ते जड असतं. त्यातल्या क्षारांमुळे तूरडाळ आणि हरभरा लवकर मऊ होत नाही, चहावर तवंग येतो, डोक्याला साबणाचा फेस होत नाही. जलमंडळाच्या पाण्याला इथे सगळे ‘मंजीरा पाणी’ म्हणतात, आणि ते बहुतेक भागांत दिवसाआड येतं. स्वयंपाकघरात त्याचा नळ वेगळा आहे का, हे पहिल्याच दिवशी सुनेला किंवा लेकीला विचारून घ्यावं. डाळ त्याच पाण्यात भिजवावी, त्याच पाण्यात शिजवावी. निम्मी कुरबूर तिथे मिटते.

ही मंजीरा म्हणजे आपली मांजराच. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या डोंगरांत ती उगम पावते, धनेगावच्या धरणात अडून लातूरची तहान भागवते, आणि पुढे बिदरवरून तेलंगणात उतरते. संगारेड्डीजवळ अडवलेलं तिचं पाणी या शहराने कित्येक वर्षं प्यायलं. आता कृष्णा आणि गोदावरीचं पाणी त्याहून अधिक येतं, पण लोकांच्या तोंडी नाव मंजीराचंच राहिलं आहे. कृष्णा महाबळेश्वरची, गोदावरी त्र्यंबकेश्वरची. १९०८ च्या सप्टेंबरात इथल्या मुसी नदीला महापूर आला आणि शहराची वाताहत झाली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या आराखड्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव उभे राहिले. तेवढे सोडले तर या शहराच्या पाण्याचा मोठा भाग महाराष्ट्रात उगम पावलेल्या नद्यांचा आहे. ‘परक्या गावात आलो’ असं वाटणाऱ्या लातूरच्या आजोबांना मी हे आवर्जून सांगते.

थंडीबद्दल थोडक्यात. शहर पाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीत दुपार अठ्ठावीस-तीस अंशांची आणि पहाट चौदा-पंधरा अंशांची असते. लाट आली तर पारा दहाच्या खाली जातो. पश्चिमेकडचा केंद्रीय विद्यापीठाचा परिसर आणि पटनचेरू हे भाग शहराच्या मध्यापेक्षा जास्त गारठतात, आणि नेमकी आयटीतल्या मुलांची घरं त्याच बाजूला आहेत. पुण्याच्या मानाने सूर्य इथे अठरा-वीस मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. पुण्याच्या सवयीने संध्याकाळी सहाला फिरायला निघाल तर वाटेतच अंधार पडेल. साडेचारला निघावं. सकाळी ऊन अंगावर आल्याशिवाय बाहेर पडू नये, विशेषतः दम्याचा त्रास असेल तर.

आता भाजी. या मुक्कामातला मला सर्वांत जवळचा विषय हाच. २६ जानेवारी १९९९ ला तेव्हाच्या आंध्र प्रदेशात रयतु बाजार सुरू झाले. शेतकऱ्याने स्वतः माल आणायचा, दर फलकावर लिहिलेले, मध्ये दलाल नाही. मेहदीपट्टणम, एर्रागड्डा आणि कुकटपल्लीचे बाजार मोठे आहेत. ॲपवरून दहा मिनिटांत भाजी दारात येते हे खरं, पण घरच्या ज्येष्ठांसाठी आठवड्यातून दोनदा हा बाजार राखून ठेवावा. हातात पिशवी आली की माणूस पाहुणा राहत नाही. भाषेची धास्ती बाळगू नका, दखनी हिंदीवर सगळं निभतं. वांग्याला ‘वंकाय’, घेवड्याला ‘चिक्कुडुकाय’, अंबाडीला ‘गोंगुरा’ आणि मेथीला ‘मेंतीकूरा’ एवढं जमलं की बाजारवाली बाई स्वतःहून ताजी जुडी काढून देते. चिक्कुडुकायचे ढीग याच दिवसांत पाहावेत. हिरवे, जांभळट कडेचे, दाणा भरलेले. शेंग कानाशी धरून मोडली आणि कट्कन आवाज आला तर घ्यावी, वाकली तर ठेवून द्यावी. ज्वारी मुबलक मिळते. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बायका चुलीवर ‘जोन्न रोट्टे’, म्हणजे ज्वारीच्या भाकरी थापून विकतात, आणि त्या आपल्या भाकरीहून फारशा वेगळ्या नसतात. बाजरीचं पीठ मात्र सगळीकडे मिळत नाही, ते येताना आणलेलं बरं.

कारण पुढे धुंधुरमास आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा हा महिना तेलुगू लोकही धनुर्मास म्हणून पाळतात. पहाटे विष्णुमंदिरांत तिरुप्पावै म्हटलं जातं आणि प्रसादाला मूगडाळ-तांदळाचं, मिरी घातलेलं गरम पोंगली मिळतं. आपल्याकडे याच महिन्यात सूर्योदयाला मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी. दोन्ही पानांत मूग, दोन्हीकडे उजाडण्याची वेळ. शेजारच्या दारापुढे पहाटे मुग्गु, म्हणजे रांगोळी निघते, तिच्या मध्ये शेणाचे गोळे ठेवून त्यांवर भोपळ्याची पिवळी फुलं खोवतात. भोगीला तेलुगू घरांत लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं, फुलांच्या पाकळ्या आणि नाणी ओततात. ती भोगिपळ्ळु. आपलं बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही. सून तेलुगू असेल तर दोन आज्यांनी मिळून एकाच बाळाला दोनदा बोरांनी न्हाऊ घालावं. असा समारंभ मी पाहिला आहे. दोघींना एकमेकींचं बोलणं अर्धंच कळत होतं, तरी बोरं निवडायला दोघी एकाच सुपाशी बसल्या होत्या.

संक्रांतीच्या आधी एक तयारी हवी. त्या आठवड्यात आंध्रकडची माणसं गावी जातात. विजयवाडा रस्त्यावर पंतंगीच्या टोलनाक्यापाशी गाड्यांच्या रांगा लागतात आणि इकडे कामवाली बाई, दूधवाला, इस्त्रीवाला सगळेच सुट्टीवर. वाणसामान आणि औषधं दहा जानेवारीपूर्वी भरून ठेवा. शहर मात्र तेव्हा फिरण्यासारखं मोकळं असतं.

फिरायचं कुठे, तर पूर्वेला. मुलांची घरं पश्चिमेकडे आणि मराठी हैदराबाद काचिगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, गवळीगुडा इकडे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. वकिली, कचेरी, शिक्षण यांसाठी आलेली घराणी इथेच स्थिरावली. केशवराव कोरटकरांसारख्यांनी वाढवलेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था अजून शिकवते आहे. १९३१ साली याच शहरात ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं. इसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, मराठी साहित्य परिषदेचं ‘पंचधारा’ हे नियतकालिक इथूनच निघतं. ज्याचे वडील उस्मानिया विद्यापीठात शिकले त्या मराठवाड्यातल्या माणसाला ही नावं नवी नाहीत, पण कोंडापूरच्या बाराव्या मजल्यावरून ती फार लांबची वाटतात. ती तितकी लांब नाहीत. रायदुर्गहून निळ्या मार्गाने अमीरपेट, तिथे गाडी बदलून लाल मार्गाने उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानक, की खाली कोठी, म्हणजे सुलतान बाजाराचीच बाजू. स्थानकांवर लिफ्ट आहे, गाडीतला वेळ पाऊण तासाच्या आसपास. मियापूर भागात राहत असाल तर बदलायचीही गरज नाही. शहरी बसमध्ये ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना तिकीट नाही, पण ती सवलत तेलंगणाचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर आहे. महाराष्ट्राचं आधार कार्ड असलेल्या आईने तिकीट काढावं.

जानेवारीत नामपल्लीला नुमाइश भरते, १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. १९३८ साली सार्वजनिक बागेत सुरू झालेलं हे प्रदर्शन १९४६ पासून सध्याच्या मैदानावर आहे. काश्मिरी शालीपासून लोणच्यापर्यंत सगळं मिळतं, आणि त्याच्या उत्पन्नातून शिक्षणसंस्था चालतात. गांधी भवन स्थानकावर उतरावं, आणि शनिवार-रविवारी जाऊ नये.

कागदपत्रांतलं एकच सांगते. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि नेमके त्याच महिन्यात तुम्ही इथे असता. त्यासाठी गावी परत जाऊ नका. २०१४ पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’ म्हणून डिजिटल पद्धतीने देता येतो, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. आधार आणि निवृत्तिवेतनाचा क्रमांक जवळ ठेवा.

इथे नोकरी करणाऱ्या मुलांना एक विनंती. आई-बाबा येतील त्याच आठवड्यात त्यांच्या नावाचं मेट्रो कार्ड काढा, पैसे भरा, आणि पहिल्या दोन फेऱ्यांना सोबत जा. तिसऱ्या फेरीला घरी थांबा. त्यांना जाऊ द्या.