ग्लासगोची नळी, कुकडीकाठचा श्वास

लेण्याद्रीच्या पायथ्याला, कुकडीच्या खोऱ्यात पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला मण्यार चावते, तेव्हा अनेकदा त्याची झोपही मोडत नाही. दात बारीक, सूज जवळजवळ नाहीच. पहाटे पोट दुखतं, घसा दुखतो; घरच्यांना वाटतं, पित्त झालं असेल. मग पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळवत नाही, आणि शेवटी छातीचा भाता थांबतो.

हृदय मात्र चालू असतं. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकं निकामी करतं, त्यामुळे स्नायूंपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. सर्पदंशाची लस रक्तातलं विष मारते, बिघडलेली टोकं जोडत नाही. ते काम शरीर आपल्या गतीनं, काही दिवस घेऊन करतं. तेवढे दिवस श्वास उसना द्यावा लागतो.

तो देणारी नळी सापासाठी जन्मलीच नव्हती. 5 जुलै 1878 रोजी ग्लासगोत विल्यम मॅकईवन या सर्जनपुढे जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ असलेला रुग्ण होता. घशात कापायचं तर रक्त श्वासनळीत उतरणार, आणि भूल द्यायची तीही त्याच वाटेनं. एकाच बोळात दोन बैलगाड्या! अशा वेळी गळ्याला भोक पाडायचा रिवाज होता. मॅकईवननं रुग्ण जागा असतानाच, केवळ बोटांच्या अंदाजानं, तोंडातून धातूची नळी श्वासनळीत सरकवली, वरून स्पंज ठासला आणि नळीतूनच क्लोरोफॉर्म दिला.

पुढे स्पंजाऐवजी नळीभोवती रबरी फुगा आला. तो किती घट्ट बसतो हे दाखवायला आर्थर गुडेल या अमेरिकी भूलतज्ज्ञानं नळी घातलेलं, भूल दिलेलं कुत्रं चक्क पाण्यात बुडवून ठेवलं. कुत्रं वाचलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, ते सोडा.

नळीला जोडायची अंबू बॅग 1956 साली डेन्मार्कमध्ये तयार झाली. दाबली की हवा आत जाते, सोडली की आपोआप फुगते. वीज नको, सिलिंडर नसला तरी चालतं. वाडीवरून निघालेल्या गाडीत, घाटरस्त्यावर, हीच पिशवी दर पाच-सहा सेकंदांनी दाबत व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचता येतं. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी तीन दशकांहून अधिक काळ असेच सर्पदंशाचे रुग्ण सांभाळले आहेत.

पूर्ण लुळा पडलेला असा रुग्ण पाहणाऱ्याला मेलेलाच वाटतो. पापणी उचलली तरी डोळा हलत नाही. पण विष मेंदूपर्यंत गेलेलं नसतं. उशाशी बसून बायामाणसं काय बोलताहेत, ते त्याला बहुधा सगळं ऐकू येत असतं.