हात धुवायला वेळ कुठून आणायचा?

रुग्णालयात जंतुसंसर्ग झाला की पहिलं बोट परिचारिकेकडे वळतं: सिस्टरनं हात धुतले नसणार! पुरावा वेगळंच सांगतो. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या निरीक्षणांवरचा दिदिए पिते आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. हात स्वच्छ करणं गरजेचं होतं अशा प्रसंगांपैकी ५२ टक्के वेळा परिचारिकांनी ते केलं होतं, डॉक्टरांनी ३० टक्के वेळा. सर्वांत कमी प्रमाण अतिदक्षता विभागात आढळलं, जिथे असे प्रसंग तासाला वीसेक वेळा येतात. साबण-पाण्यानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. वीस वेळा धुतले तर तासातली तेरा ते वीस मिनिटं संपली, बेसिनपर्यंतची ये-जा वेगळीच. तेवढ्यात सलाईन कोण बदलणार? हा निष्काळजीपणा मानायला मी तयार नाही. अल्कोहोलचं हँडरब खाटेपाशीच असेल तर २०-३० सेकंदांत काम होतं. जिनिव्हात त्यावर भर दिल्यावर १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि १९९८पर्यंत रुग्णालयातल्या संसर्गाचं प्रमाण १६.९वरून ९.९ टक्क्यांवर आलं. त्याच काळात इतर उपायही सुरू होते, म्हणून सगळं श्रेय हँडरबला देता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

टँकरची वाट पाहणाऱ्या वसई-विरारसारख्या भागातल्या रुग्णालयांना याचं महत्त्व अधिक, कारण हँडरबला पाणी लागत नाही. मग बेसिन कशाला, असं मात्र कुणी म्हणू नये. हाताला रक्त किंवा घाण लागली असेल तर साबण-पाणीच हवं. जुलाब घडवणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत, ते धुऊनच काढावे लागतात. हातमोजे आहेत ना, हा युक्तिवादही टिकत नाही. मोज्यांना बारीक छिद्रं असू शकतात, ते काढताना हात माखतात आणि तेच मोजे घालून पुढच्या रुग्णाला हात लावला तर जंतू सोबत जातातच. त्वचा कोरडी पडते ही तक्रार खरी आहे; म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ग्लिसरॉल आहे, आणि त्या सूत्रानं हँडरब स्थानिक पातळीवर तयारही करता येतं.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका असा आहे. एकाच परिचारिकेकडे तीन-चार खाटा सोपवल्या तर उशाशी बाटली असूनही ते तीस सेकंद तिला मिळत नाहीत. म्हणून संसर्ग वाढला की व्यवस्थापनानं भिंतीवर नवं पोस्टर लावण्याआधी रात्रपाळीचा ड्युटी चार्ट उघडावा आणि त्या रात्री किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, ते मोजावं.