काठावर उभा असलेला शब्द

पस्तीस वर्षं मराठी शिकवताना मी 'तटस्थ' हा शब्द फळ्यावर फोडून लिहायचे. तट म्हणजे काठ, स्थ म्हणजे उभा. प्रवाहात न उतरलेला. उदाहरण बलरामाचं. भीम आणि दुर्योधन दोघंही त्याचे गदायुद्धातले शिष्य, म्हणून तो कुरुक्षेत्र टाळून सरस्वतीच्या काठाकाठाने तीर्थयात्रेला गेला. अक्षरशः तटस्थ! पण अखेरच्या द्वंद्वाला तो परतला आणि भीमाने नियम मोडून मांडीवर गदा मारताच नांगर उगारून धावला. काठावरच्यालाही अन्याय दिसतो, म्हणून मला ही कथा मोलाची वाटते.

'त्रयस्थ' म्हणजे भांडणाऱ्या दोघांबाहेरचा तिसरा. 'मध्यस्थ' दोघांमध्ये उभा राहून तोड काढतो. 'निःपक्षपाती' पंचाला मात्र गप्प राहता येत नाही, निकाल द्यावाच लागतो. 'अलिप्त' म्हणजे लेप न लागलेला. महासत्तांच्या गटांपासून दूर राहण्यासाठी १९६१ साली बेलग्रेडला जमलेल्या राष्ट्रांना आपण तेच नाव दिलं. कौटिल्याच्या राजमंडलातला, म्हणजे शेजारी राजांच्या वर्तुळातला, भांडणापासून दूर असलेला 'उदासीन' राजा तर बलाढ्य असतो. खिन्नतेची छटा त्या शब्दाला मराठीत चिकटली.

भावकीच्या वादात माझी आजी म्हणायची, "मी ना अध्यात ना मध्यात." तिचं ठरलेलं असे. 'तळ्यात-मळ्यात' करणाऱ्याचं ठरतच नाही. दोघांनाही सरसकट तटस्थ म्हणणं चूक आहे.

मतदानयंत्रावर २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. ते दाबणाराही तटस्थ नव्हे. त्याने आपलं मत नोंदवलेलं असतं.