बिबळ्याला दूर नेऊन सोडले, तर?

बोरिवलीत जंगलाला पाठ लावून उभ्या असलेल्या आमच्या वस्तीत एक मागणी हमखास निघते: बिबळ्या दिसला, की पिंजरा लावा आणि त्याला दूर सोडून या! लेकुरवाळ्या आयांची धास्ती मला समजते. तरीही मी या मागणीवर सही करीत नाही. माझे कारण जुन्नरचे आहे.

जुन्नर भागात 1993 ते 2001 या काळात बिबळ्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. मग बिबळे धरून लांबच्या रानांत सोडले गेले, आणि 2001 ते 2003 मध्ये ही सरासरी 17 वर गेली! विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब 2011 साली मांडला.

असे का व्हावे? बिबळ्या एकटा हिंडतो, पण शेजार ओळखून असतो. मूत्राचा वास, झाडावरचे ओरखडे या त्याच्या दारावरच्या पाट्याच म्हणा ना! परक्या मुलखात त्या सगळ्या अनोळखी. अशा भेदरलेल्या जनावराच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी रक्तात कॉर्टिसोल सोडतात. घटकाभर ते तारक, दिवसेंदिवस टिकले तर मारक. जनावराला हातही न लावता, रानात पडलेल्या विष्ठेवरून हा ताण आता मोजता येतो.

शिवाय सोडल्या जागी ते राहते थोडेच? 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ बिबळ्या सुमारे 120 किलोमीटर चालून आमच्याच राष्ट्रीय उद्यानात आला.

तेव्हा मंडळी, कचरा उघडा टाकू नका, म्हणजे भटकी कुत्री जमणार नाहीत. वाटेवर दिवे ठेवा, अंधारात मुलांना एकटे धाडू नका. बावरलेल्या पाहुण्यापेक्षा ओळखीचा शेजारी बरा!