छत्तीस नंबरची दाढ

संपादकांना रायपूरहून बेवारस मृतदेहांवर काहीतरी खळबळजनक हवं होतं. मी अडकलो एका दाढेत.

खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली मोठी दाढ. दंतवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकात ती ३६: तीन म्हणजे खालची डावी बाजू, सहा म्हणजे मधून मोजत सहावा दात. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, त्यामुळे किडायला तिला भरपूर वर्षं मिळतात. ती भरली जाते, उपटली जाते. ओळख पटवणाऱ्याला हेच हवं असतं.

यातला तर्क एकाच दिशेनं चालतो. दवाखान्याच्या नोंदीत ३६ शाबूत आहे आणि सापडलेल्या जबड्यात नाही, तर बिघडत नाही. मधल्या काळात काढली असेल. पण नोंदीत काढलेली आणि जबड्यात घट्ट बसलेली असेल, तर माणूस दुसराच. नोंद करणाऱ्यानं डावं-उजवं केलं नसेल, एवढीच अट. एरवी जपून बोलणारं हे शास्त्र इथे ठाम ‘नाही’ म्हणतं, आणि मला ते भलतंच आवडलं.

१८९७ साली पॅरिसच्या धर्मादाय बाजाराला आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. जळालेल्यांपैकी काहींची ओळख त्यांच्या दंतवैद्यांमुळे पटली. दाताचं वरचं कवच सुमारे ९६ टक्के खनिज असतं. कातडी, चेहरा, बोटांचे ठसे गेल्यावरही दात उरतात. इंटरपोल आजही बोटांचे ठसे आणि डीएनए यांच्याच पंगतीत दातांना बसवते.

पण रायपूरला सरकारी दंत महाविद्यालय असलं, एम्स असलं, तरी आसपासच्या खेड्यांतली कितीतरी माणसं दाढ ठणकल्याशिवाय दंतवैद्याची पायरी चढत नाहीत. ठणकली की दाढ काढायची. एक्स-रे असलाच तर घरी कुठेतरी हरवलेला. मग जुळवायचं कशाशी?

उरतात खुणा. छत्तीसगडात गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, आपल्याकडच्या मिशरीसारखीच सर्रास घासतात. तिचे डाग सवय सांगतात. गरियाबंद जिल्ह्यातल्या देवभोग भागात पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याचे दातांवरचे चट्टे लहानपणीच, दात घडताना पडतात. म्हणजे रायपूरजवळच्या सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांच्या परिसरात सापडलेल्या माणसाचं बालपण कुठल्या पाण्यावर गेलं, याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, तसं पाणी देशात अनेक ठिकाणी आहे. वयाचंही तसंच. स्वीडनच्या गुस्टाफसन यांनी १९५० साली दाताची झीज, मुळाची पारदर्शकता अशा सहा बदलांवरून वय काढायची रीत दिली. खरखरीत काही घासून झिजलेला दात त्या हिशेबात मालकाला म्हातारा ठरवू शकतो.

दातातल्या गरातून डीएनए मिळतो खरा, पण तोही जुळवायला रक्ताचं कुणीतरी पुढे यावं लागतं. परराज्यातून आलेल्या मजुराच्या घरी तो हरवल्याचंच कळलेलं नसतं. पोलीस मर्ग कायम करतात, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद घेतात, आणि फोटो फिरवतात. नातेवाईक आलेच तर हातात आधार कार्ड, आणि त्यावर ओठ मिटलेले. लग्नातला हसरा फोटो मागून घ्यावा लागतो. तो मोठा करून पुढच्या दातांमधली फट, तुटलेला कोपरा बघतात. छत्तीस नंबर तिथे दिसत नाही.