कोकणात ज्याला बघायला पोरं धावतात, तो गेममध्ये नुसता व्हिलन : डी अँड डीच्या 'राक्षसा'वर भारतीय गेमर्स का वैतागलेत?

शिमग्यात गुहागर-दापोलीकडच्या गावांत खेळे फिरायला लागले की पोरांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं. संकासूर कधी येतोय? अंगभर काळा झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला वाजणारी घुंगरं. गावागणिक वेश थोडाफार बदलतो. तो पोरांच्या मागे धावतो, पोरं किंचाळत पळतात आणि पुन्हा त्यालाच चिडवायला परत येतात. काही ठिकाणी तर लोक त्याला नवसही बोलतात.

आता गंमत बघा. गोष्टीतला हा शंखासुर म्हणजे वेद चोरून समुद्रात लपलेला आणि मत्स्यावतारात विष्णूच्या हातून मेलेला असुर. म्हणजे पुराणात तो शुद्ध व्हिलन. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या नमन-खेळ्यांत त्याच्याशिवाय मजा नाही. त्याच नमनात दहा तोंडांचा रावणही नाचत येतो आणि त्यालाही टाळ्या पडतात.

अशा मुलखात वाढलेला एखादा पोरगा पुण्या-मुंबईला कॉलेजात जातो, मित्रांच्या नादानं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसतो, गेमचं पुस्तक उघडतो आणि 'राक्षस' या नावाखाली त्याला दिसतो उंची कपडे घातलेला, वाघाच्या तोंडाचा एक प्राणी. तळहात उलटे. स्वभाव दुष्ट. मूळ गाव नरक. इथूनच वैताग सुरू होतो.

हा वाघ आला कुठून?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे डी अँड डी, हा 1974 साली अमेरिकेत आलेला गेम. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे, आपापलं पात्र घेऊन गोष्ट पुढे न्यायची. आजच्या बहुतेक फँटसी व्हिडिओ गेम्सचा हा आजोबा. त्याचा एक कर्ता गॅरी गायगॅक्स.

20 डिसेंबर 1974 ला अमेरिकन टीव्हीवर 'कोल्चॅक : द नाइट स्टॉकर' या भुताखेतांच्या मालिकेचा एक भाग लागला. त्यात एक राक्षस होता. तो समोरच्याचा ज्या माणसावर सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याचं रूप घेऊन यायचा आणि खाऊन टाकायचा. त्याला मारायचा उपाय एकच, मंतरलेल्या धनुष्याचा बाण. त्याच्या मागावर असलेला म्हातारा हिंदू गृहस्थ भिंतींवर स्वस्तिक काढत फिरतो आणि लोकांना वाटतं हा नाझी आहे, असाही एक धागा त्यात होता. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीला भारत किती कळला होता, याचा अंदाज येतो.

वर्षभरातच, डिसेंबर 1975 मध्ये, डी अँड डीच्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या अंकात राक्षस अवतरला. फसवं रूप तेच आणि मंतरलेल्या बाणानं मरणंही तेच. म्हणून या राक्षसाचा उगम रामायणात कमी आणि त्या टीव्हीच्या भागात जास्त आहे, असं मानलं जातं. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये त्याचं चित्र छापलं गेलं. वाघाचं डोकं, साहेबी झगा आणि तोंडात पाइप. चित्र फर्मास होतं आणि तेच डोक्यात बसलं. पुढच्या आवृत्त्यांत उलटे हात ही त्याची ओळखच झाली. 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या गेमनं 2014 मध्ये राक्षस आणले, तेव्हा तेही मांजरकुळातलेच निघाले.

मग वाघाचं तोंड चुकीचंच का?

इथं तक्रार करणाऱ्यांनीही थोडं थांबायला हवं. वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातल्या सीतेवर पहारा ठेवणाऱ्या राक्षसींचं वर्णन आहे. कुणाचं तोंड डुकराचं, कुणाचं हरणाचं, म्हशीचं, बकरीचं, कोल्हीचं. आणि हो, त्या यादीत वाघाचं तोंडही आहे. रूप बदलणंही खरंच. राक्षसांना 'कामरूपी' म्हणतात, म्हणजे हवं ते रूप घेणारे. मारीच सोन्याचं हरीण झाला ते याच विद्येवर. एवढ्यापुरतं गेमनं बरोबर पकडलंय.

चूक दुसरीकडे आहे. रामायणात वाघाचं तोंड हे शंभर रूपांतलं एक. गेमनं तेवढं एकच उचललं आणि अख्ख्या जमातीला चिकटवलं. स्वभावाचंही तेच. रामायणातल्या राक्षसांमध्ये विभीषण आहे, जो भावाशी भांडून रामाकडे जातो. मंदोदरी आहे. पहाऱ्यावर असूनही सीतेला धीर देणारी त्रिजटा आहे. हनुमान पहाटे लंकेत फिरतो तेव्हा त्याच्या कानावर राक्षसांच्या घरांतून वेदपठण येतं. त्यांच्या नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. उत्तरकांडात ब्रह्मदेव पाणी निर्माण करतो आणि प्राण्यांना त्याचं रक्षण करायला सांगतो. 'आम्ही रक्षण करू' म्हणाले ते राक्षस झाले. म्हणजे मुळात राखणदार!

आणि घटोत्कच? बाप भीम, आई हिडिंबा. अर्धा माणूस, अर्धा राक्षस. रात्री ताकद वाढते, माया येते, आकार हवा तेवढा वाढवता येतो. कर्णानं अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती स्वतःच्या छातीवर घेतो आणि मरता मरता अंग फुगवून कौरवांच्या सैन्यावर कोसळतो. फँटसी गेमसाठी यापेक्षा तयार हिरो कुठे मिळणार? त्याची आई हिडिंबा हिचं मनालीत 1553 सालचं देऊळ आहे आणि तिथं तिची देवी म्हणून पूजा होते.

(काटेकोरपणे पाहिलं तर असुर वेगळे, राक्षस वेगळे. संकासूर पहिल्यांतला, रावण दुसऱ्यांतला. बोलीभाषेत आपण दोघांना एकाच पोत्यात भरतो, त्यामुळे गेमवाल्यांना फार नावं ठेवण्यातही अर्थ नाही.)

ऑर्कला न्याय मिळाला, मग आमच्या राक्षसाला का नाही?

खरी ठिणगी इथं आहे. ऑर्क म्हणजे या गेमचे वर्षानुवर्षांचे ठरलेले दुष्ट. दात बाहेर आलेले, अडाणी, जन्मतःच वाईट. अख्खी जमात जन्मानं वाईट कशी असेल, हा प्रश्न परदेशी चाहत्यांनी लावून धरला. जून 2020 मध्ये गेमची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टनं ऑर्क आणि ड्राऊ यांचं चित्रण बदलू असं जाहीर केलं. डिसेंबर 2022 मध्ये 'रेस' हा शब्दच सोडून 'स्पीशीज' वापरायचं ठरलं. 2024 च्या नव्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये ऑर्क थेट खेळाडूंच्या यादीत आला. नरकवाल्यांचं रक्त अंगात असलेला टीफ्लिंग तर त्याआधीपासून चाहत्यांचा लाडका आहे.

राक्षस मात्र अजून 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्येच आहे. म्हणजे खेळाडू म्हणून घेता येत नाही, फक्त मारता येतो. ऑर्क हा पुस्तकातला प्राणी, त्याचं देऊळ कुठं नाही, शिमगा कुठं नाही. तरी त्याची बाजू मांडली गेली. ज्यांच्या गोष्टी आजही गावच्या मांडावर रात्रभर चालतात त्यांची नाही. भारतीय चाहत्यांना टोचतं ते हे.

कंपनीला भारत वर्ज्य आहे असंही नाही. 2022 च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या पुस्तकात मिमी मंडल या भारतीय लेखिकेनं लिहिलेली एक मोहीम आहे. तिच्या जगाचं नाव शंखभूमी.

आपल्याकडच्यांनी तरी वेगळं केलंय का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' काढला. दिसायला देखणा, जगभर कौतुक झालेला गेम. पण त्यातही महाबलासुराची फौज समोरून येत राहते आणि राजी ती कापत जाते. हीच गोष्ट चित्रकथांची. आपल्या पिढ्यांनी पाहिलेला राक्षस म्हणजे काळाकभिन्न रंग, सुळे आणि मिशा. विभीषण मात्र बहुतेक वेळा गोरागोमटा. दुष्टपणा रंगावरून ओळखायची ही सवय अमेरिकेतून आलेली नाही.

सध्या खेळणारे आपापला मार्ग काढतात. डी अँड डीमध्ये टेबलावर गोष्ट चालवणाऱ्याला नियम वाकवायची मुभा असते, त्यामुळे वाघाचं डोकं काढून टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याला घटोत्कच खेळायचाय, त्यानं 2024 च्या पुस्तकातला गोलायथ घ्यावा. तो राक्षसकुळातला नाही, पण धिप्पाड आहे आणि पाचव्या लेव्हलनंतर त्याला काही वेळापुरता आकार वाढवता येतो. कागदावर 'गोलायथ' खोडून वर 'राक्षस' लिहायचं, की काम झालं.